पोटातलं यंत्र आणि सुईची वेळ

इन्सुलिनची सुई टोचून, जेवून तासभर झाला होता आणि भात पोटातच अडकून बसला होता. लोणावळ्याजवळच्या औंढे गावातल्या आमच्या घरात ओट्याला धरून मी घामानं निथळत होते. साखर मोजली, बावन्न. इन्सुलिन आपलं काम करत सुटलं होतं, पण खाल्लेलं रक्तात पोचतच नव्हतं. सासूबाईंनी साखरेचं पाणी पाजलं, ते उलटून पडलं. मग त्यांनी बोटावर मध घेऊन माझ्या हिरड्यांना चोळला.

"डोळं मिटू नगं, माज्याकडं बघ," असं त्या म्हणत राहिल्या.

संध्याकाळी तोच भात पोटातून सुटला आणि साखर चारशेच्या वर गेली. दोन वर्षं हेच चाललं होतं. कान्हे गावातल्या शाळेत शिकवताना फळ्यावरची अक्षरं वाकडी व्हायला लागली, तेव्हा मी रजा टाकली.

पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं, "लहानपणापासूनच्या मधुमेहानं पोटाच्या नसा दुबळ्या झाल्यात. पोट अन्न पुढे ढकलत नाही." म्हणून त्यांनी सुई जेवणानंतर तासाभरानं घ्यायला सांगितली. औषधांनी काही होईना, तेव्हा एक छोटं यंत्र बसवायचं सुचवलं. ते पोटाच्या कातडीखाली राहणार आणि त्याच्या तारांमधून जठराला विजेचे बारीक झटके मिळणार.

"उलट्या कमी व्हाव्यात. साखरेचं मात्र मी वचन देत नाही," ते म्हणाले.

मला साखरेचंच वचन हवं होतं. तरी मी सही केली.

यंत्र बसवल्यावर महिनाभरात उलट्या खरंच कमी झाल्या. साखर मात्र वेड्यासारखी वागायला लागली. प्रत्येक जेवणानंतर साडेतीनशे. घाबरून मी मनानंच सुई वाढवली आणि लोणावळ्याच्या बाजारात भाजी घेता घेता खाली कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा भाजीवाल्या मावशी माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

घरी येऊन मी पोटावरचा तो टणक उंचवटा मुठीत धरला आणि नवऱ्याला म्हणाले, "हे काढून टाकायला सांग. मला नाही झेपत आता. मरू दे मला."

सासूबाई म्हणाल्या, "काडून काय करशील? परत वकत बसशील. आदी डाक्टरांना इचार तरी."

त्यांनीच फोन लावायला लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं पोट बदललं, सुईची वेळ जुनीच राहिली. अन्न आता लवकर पुढे जातंय. आणि मला विचारल्याशिवाय एक युनिटही वाढवायचं नाही."

मग रोज सात वेळा बोट टोचायचं आणि आकडे त्यांना पाठवायचे. सुई हळूहळू जेवणाच्या आधी आली, तीही दोन भागांत, उरलेली जेवणानंतर. बोटांची टोकं काळी पडली. एका दुपारी आमटीभात खाऊन दोन तासांनी एकशे साठ दिसले. विश्वास बसेना म्हणून दुसरं बोट टोचलं. एकशे चौसष्ट. मी ओट्यापाशी बसून रडले.

दुसऱ्या दिवशी तेवढंच जेवण, तेवढीच सुई, आणि साखर तीनशे दहा. डॉक्टर म्हणाले, "असं अधूनमधून होणार. पूर्वीइतकं नाही होणार."

पूर्वीइतकं होत नाही, हे खरं आहे. पण अजूनही मी ताटावर घाबरतच बसते.