कोरडी नळी

भोये सरांमुळे मी माणसात आलो. हे मी सगळ्यांना सांगत आलोय. पुढचं मात्र परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. उत्पन्नाचा दाखला मिळेना, तेव्हा सर माझ्याबरोबर मोखाड्याच्या तहसील कचेरीत दिवसभर बाकावर बसून राहिले. असा माणूस आपला एकट्याचा असावा, असं वाटणं चूक आहे का? मला वाटायचं. आणि मध्ये रंजना होती.

ती माझ्याच वर्गात, दाभोशाची. आईबाप मजुरीला जायचे, जमीन नाही. आमची निदान भाताची खाचरं होती. तरी अभ्यासात ती माझ्या पुढे — हेही मी मनात धरायचो. लाज वाटते, पण धरायचो.

जव्हारच्या कॉलेजात आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत पांढरे उंदीर होते. नागली, म्हणजे नाचणी, खाऊन त्यांचं वजन कसं वाढतं, हा सरांचा प्रयोग. मी हात घातला की ते किंचाळायचे, चावायचे. रंजना नुसता तळवा पुढे करायची आणि ते आपणहून चढायचे. "बांधावरचा उंदीर नाही रं तो, मुंडी आवळायला!" म्हणून मला हसायची. सर एकदा म्हणाले, "जनावराला हात कळतो." खोलीची किल्ली त्यांनी तिला दिली. तिच्या ओढणीच्या टोकाला ती किल्ली बांधलेली दिसली की मला घास गोड लागायचा नाही.

पिंजऱ्याला पाण्याची बाटली उलटी लावतात. नळीच्या तोंडाशी बारीक गोळी असते. ती अडकली, तर बाटली भरलेली दिसते, पण थेंब येत नाही. हे मला रंजनानंच शिकवलं होतं — बाटली बघून फसायचं नाही, नळीला टिचकी मारायची.

दिवाळीच्या सुट्टीत तिची आई तापानं फणफणली. जीप सुटत होती. तिनं किल्ली माझ्या हातात कोंबली. "रोज बघ रं त्यांना. सरांना मी आल्यावर सांगते."

मी गेलो. कोपऱ्यातल्या पिंजऱ्याची बाटली भरलेली होती आणि उंदीर नळी चाटत होते. एक बाजूला झाला की दुसरा. त्या चाटण्याचा आवाज — तो कसा सांगू? मी बोट उचललं. तेवढ्यात मनात आलं, पिंजरा तिच्या हवाली आहे. एवढंच आलं. मी कुलूप लावलं आणि परत गेलो नाही.

ती आली. किल्ली घेताना म्हणाली, "बरे आहेत ना?" मी म्हटलं, "बरे आहेत."

त्या पिंजऱ्यातला एकही जिवंत नव्हता.

"सर, मी याला सांगून गेले होते," ती म्हणाली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही सर. मला काही बोलली नाही." सरांनी तिच्याकडून किल्ली घेतली आणि मला दिली. पुढच्या शिक्षणासाठी शिफारसही माझीच झाली. मी ती घेतली, पाया पडून घेतली.

आज मी शिकवतो. कॉलेजात आता बेडूक चिरत नाहीत, पडद्यावर दाखवतात. मुक्या जीवांशी कसं वागावं यावर मी बोलतो, मुलं मन लावून ऐकतात. नळीला टिचकी मारायची, हेही सांगतो — माझंच असल्यासारखं.

रंजना जव्हारलाच औषधांच्या दुकानात असते. गोळ्या देताना मला "सर" म्हणते. परवा गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काउंटर पुसत राहिली. मग एवढंच विचारलं, "लई चाटत होते का रं?"

मी हो म्हटलं.

सर निवृत्त होऊन वांगणीला राहतात. त्याच दिवशी त्यांना हे पाठवलं:

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

रंजना मला सांगून गेली होती. किल्ली माझ्याकडे होती. मी खोलीत गेलो होतो. नळी कोरडी होती, उंदीर ती चाटत होते, आणि मी ते पाहिलं. टिचकी मारायला बोट उचललं होतं, सर. मग खाली घेतलं.

किसन"