गोदूबाईंचे रुपये पालखीत

सांडगे निम्मे घालून झाले होते, हात कोहळ्यानं बरबटलेले, तेवढ्यात वादिराजभावजी बँकेतलं काम टाकून घरी आले. कोप्पीकर रोडवरच्या एका लहानशा बँकेचे ते एजंट, म्हणजे तिथल्या शाखेचे मुख्य. म्हणाले, "वहिनी, गोदूबाईंना चार शब्द सांगा. नाहीतर माझी शाखा गेली."

गोदूबाई आमच्या शेजारच्या. यजमान शाळामास्तर होते. ते गेल्यावर अकराशे राणीछाप रुपये त्यांनी भावजींच्या बँकेत ठेवले. ठेवले कसले, मूर्ती बसवावी तसे बसवले. मनात येईल तेव्हा छत्री घेऊन जातात, तिजोरीतली पिशवी सोडायला लावतात, नमस्कार करून परत. एकदा वाईट स्वप्न पडलं म्हणून दार उघडण्याआधीच पायरीवर हजर.

बाकी सगळ्या गावाच्या ठेवी मिळून तीनशे. बाई केव्हा उगवतील याचा नेम नाही, म्हणून भावजींना कुणाला कर्ज देता येत नाही. यंदा कापूस चांगला उतरला. भीमराव अडते हजार रुपये मागतायत, तारणाला गाठी ठेवायला तयार आहेत. वरच्या कचेरीचं पत्र असं, की येत्या गुढीपाडव्यापर्यंत कर्ज वाटलं नाही तर शाखेला टाळं. मग व्याज कुठून येतं वाटतं तुम्हाला, असं भावजींनी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, एकमेकांशेजारी बसून वाढत असेल.

भावजींचं म्हणणं, बाई तिथीवार मलाच विचारतात, तर दसऱ्यापर्यंत धनाचं दर्शन निषिद्ध आहे असं मी पंचांगातून काढून सांगावं. पंचांगात नाही ते माझ्या तोंडून निघायचं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. पण हात धुऊन त्यांच्याबरोबर बाईंकडे गेले खरी.

"अक्का," मी म्हटलं, "देव पालखीतून गावात जातो, तेव्हा तुम्ही पुजाऱ्याला चोर म्हणता का?"

बाई भावजींकडे वळल्या.

"परत कधी यायचे?"

"दसऱ्याला. व्याजासकट. तोवर तुम्ही मागायचे नाहीत, असं लिहून द्यायचं."

"आणि पालखी कुणाच्या खांद्यावर?"

भीमरावांचं नाव ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. माणूस उधळ्या नाही, पण वेंधळा आहे, म्हणाल्या. पावसात कापूस भिजला की माझे रुपये भिजले. भावजींच्या कागदावर सही म्हणून 'गोदूबाई' एवढं लिहिलं आणि आडनाव राखून ठेवलं.

उद्या सकाळी त्या भीमरावांच्या वखारीचं छप्पर गळतं का ते पाहायला जाणार आहेत.