वरच्या खोलीसाठी माणूस

मुलाखतीत ताई जे प्रश्न विचारत ते ऐकून कुणालाही वाटावं, इथे शिक्षक नेमायचा नसून घरची मुलगी द्यायची आहे. घरी कोण कोण असतं, आधी काही मोठं दुखणं झालं होतं का, रक्तदाब कसा आहे, आई किंवा भाऊ रोज फोन करतात का. पडद्यावरचा परदेशी उमेदवार आधी हसे, मग गोंधळे आणि शेवटी "नंतर कळवतो" म्हणून दिसेनासा होई. असे तिघे हातचे गेले तेव्हा दादांचा पारा चढला.

"शिकवता येतं का ते विचार ना," ते म्हणाले. "सोयरीक जमवायला बसलीस का?"

भाषेची शाळा दादांची, पण ती चालवायची त्यांच्या या धाकट्या बहिणीने. दादांना त्या भाषेतलं 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' एवढंच येई, आणि तेही कधीकधी अदलाबदल करून. ताईंनी मात्र ती भाषा तरुणपणी पुस्तकं आणि कॅसेटी यांच्यावर डोकं आपटून शिकून घेतली होती. त्या देशात कामाला जाणाऱ्या नर्स, वेल्डर, ड्रायव्हर यांना त्या व्याकरण शिकवत. बोलायला शिकवायला तिथलाच माणूस लागे. शाळेच्या पाटीवर तसं ठळक लिहिलं होतं आणि मुलं त्या एका ओळीसाठीच येत. समोरच्या फुटपाथवर आता नवा क्लास निघाला होता. त्यांच्या दारावर हसऱ्या परदेशी शिक्षकाचा माणसाएवढा फोटो होता. दादा रोज सकाळी त्या फोटोकडे सवतीकडे बघावं तसे बघत.

इमारतीत खाली वर्ग आणि कार्यालय, आणि जिना चढून गेलं की एकच खोली. पलंग, ओटा, न्हाणीघर, रस्त्याकडची खिडकी. बाहेरून येणाऱ्या शिक्षकाने तिथेच राहायचं, अशी रीत.

या खोलीत सर्वात आधी एक तरुण मुलगी राहून गेली होती. लोकांनी तिच्यावर इतकं प्रेम केलं की तिचा जीव नकोसा झाला. मुलांच्या आया डबे घेऊन वर जात. शेजारचे आपली पोरं तिच्या मांडीवर बसवून फोटो काढत. खुद्द ताई रविवारी 'सहज' म्हणून जाऊन दोन दोन तास बसत. एके दिवशी ती मुलगी जिन्यातच बसून रडली. "इथे मला एक तास एकटीला मिळत नाही," म्हणाली, आणि करार अर्ध्यावर टाकून निघून गेली. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कानाला खडा लावला. वर्ग संपल्यावर जिना चढायचा नाही, रविवारी तर नाहीच नाही. शिपाईमामा पिण्याच्या पाण्याचा कॅन जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवून मागे फिरत. 'त्यांना एकटं राहायला आवडतं' हे वाक्य शाळेत एखाद्या धड्यासारखं पाठ झालं होतं.

मग तिच्या जागी मास्तर आले. साठीच्या पुढचे, काटकुळे, मोठ्याने हसणारे. उभं राहून शिकवत, मुलांना नक्कल करून दाखवत. त्यांना एकटं राहायला आवडतं का, हे कुणी विचारलं नाही. नियम होता, तो पाळला गेला.

एका सोमवारी मास्तर वर्गावर आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. मुलं वाट बघत बसली.

"वर जाऊन बघू का?" मामांनी विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या. "बरं नसेल. झोपू दे त्यांना. दार वाजवलेलं आवडायचं नाही."

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या पडल्या काळजीवाहू. जिन्याजवळ दंगा करू नका, हळू चाला, असं त्यांनी वर्गावर्गात जाऊन सांगितलं. दिवसभर अख्खी शाळा दबक्या पावलांनी वावरली. मंगळवारी दुपारी मात्र मामांना राहवेना आणि त्यांनी दार फोडलं. मास्तर पलंग आणि दार यांच्यामध्ये फरशीवर होते. डॉक्टर म्हणाले, झटका रविवारी आला असावा. अंग लुळं पडलं, वाचा गेली, पण शुद्ध बराच वेळ असणार, कारण माणूस दाराच्या दिशेने सरकत आलेला दिसतोय. काल सकाळी आणलं असतं तर वाचला असता. डॉक्टरांनी हे औषधाचं नाव सांगावं तसं सांगितलं.

खोली आवरताना ताईंना दोन खुर्च्या दिसल्या. शाळेने एकच दिली होती. दुसरी मास्तरांनी बाजारातून आणून टेबलाच्या पलीकडे मांडून ठेवली होती.

लोकांनी खूप समजूत घातली. तुमचा काय दोष, तुम्ही त्यांच्या सोयीचंच बघितलंत. ते खरंच होतं आणि तेच ताईंना खात होतं. मास्तरांना सोमवारी सगळं ऐकू येत होतं. खाली माणसं किती जपून चालताहेत, कोण कुणाला 'शू' करतंय, ते फरशीला कान लागलेला तो माणूस ऐकत होता. हे मनात आलं की ताईंना स्वतःची किळस येई. त्या खोलीत पुन्हा कुणाला आणून ठेवायचं म्हटलं की त्यांच्या तोंडी आधी रक्तदाबाचा प्रश्न येई.

चौथ्या मुलाखतीला दादा शेजारी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर पस्तिशीची एक बाई होती, चार देश फिरून आलेली, बोलायला स्पष्ट. तिने पगार विचारला, वर्ग विचारले, खोली विचारली. मग म्हणाली, "माझी एकच अट आहे. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे कुणी येऊ नये. दारावर थापसुद्धा नको. मागच्या ठिकाणी मला फार त्रास झाला."

"काय म्हणते?" दादांनी विचारलं.

ताईंना काहीही सांगता आलं असतं. पगार दुप्पट मागते म्हणाल्या असत्या तरी दादांनी पडदा बंद केला असता. पण खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी होतं तसं सांगितलं.

"मग झालंच की," दादा खुलले. "आपला नियमच आहे तो. हो म्हण."

मास्तरांबद्दल सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. नवी तुकडी भरायची होती, भाऊ शेजारी बसला होता, रस्त्यापलीकडे तो फोटो होता. ताई हो म्हणाल्या.

नव्या बाई आल्या, आणि शिकवायला उत्तम निघाल्या. सोमवार ते शनिवार ताईंचं बरं चाले. बाई खाली दिसत, बोलत, खडू मागत. रविवार उजाडला की मात्र घास उतरेना.

"अगं, जिवंत असेल ती," ताईंचे यजमान ताट पुढे सारत म्हणाले. "जेव."

ताई उठल्या, चप्पल घातली आणि शाळेत गेल्या. थाप मारली. दार उघडलं. बाई ओल्या केसांनी उभ्या होत्या, कपाळाला आठी.

"नळाला पाणी येतंय ना?" ताईंनी विचारलं.

पुढच्या रविवारी दिवा लागतो ना, त्याच्या पुढच्या रविवारी खिडकी नीट बसते ना. नंतर सबबी संपल्या. बाईंनी सोमवारी दादांना गाठलं. भाषा चालेना, तेव्हा हवेतच तीनदा दार ठोठावून दाखवलं आणि हात जोडले. दादांना आयुष्यात पहिल्यांदाच परदेशी माणसाचं बोलणं पूर्ण समजलं.

"दुधाने तोंड पोळलंय तुझं, मान्य," ते ताईंना म्हणाले. "पण तू ताक फुंकत नाहीस, अंगावर सांडतेस. पुन्हा वर गेलीस तर घरी बस."

पुढच्या रविवारी ताई वर जाणार नव्हत्या. रस्त्यावरून खिडकी बघून परतायचं ठरवून आल्या होत्या. खिडकी बंद होती, पडदा ओढलेला. भर दुपारी. त्या जिना चढल्या आणि थाप मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग दोन्ही मुठींनी दार बडवायला लागल्या, बाईंच्या नावाने हाका मारायला लागल्या. त्यांचा आवाज ऐकून शेजारचे धावले. कुणीतरी पहार आणली. ताई "लवकर, लवकर" एवढंच म्हणत होत्या. ओढलं की लागणारं कुलूप तुटून दार आत कोसळलं तेव्हा खोली रिकामी होती, आणि नव्या बाई भाजीची पिशवी घेऊन जिन्यात उभ्या होत्या.

शेजारचे एकेक करून मान खाली घालून उतरले. ताई वरच्या पायरीवर बसल्या.

"का?" बाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही.

ताईंनी सांगितलं. रविवार, सोमवार, मंगळवार, दबकी पावलं, सगळं. ती परकी भाषा त्या आयुष्यभर शिकवत आल्या होत्या, पण तिच्यात एवढं सलग त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"याच खोलीत?" बाई म्हणाल्या.

"हो."

"मी अट सांगितली तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"त्या वेळी सांगितलं असतं तर मी अट मागे घेतली असती," बाई म्हणाल्या. "आता या घरात मला झोप यायची नाही." त्यांनी मोडलेलं दार बाजूला सारलं आणि बॅग भरायला घेतली.

समोरच्या क्लासने त्यांना आनंदाने ठेवून घेतलं. आठवडा सरायच्या आत तिथे त्यांचा फोटो लागला. नव्या तुकडीतली मुलं आधी एकेक करून आणि मग घोळक्याने रस्ता ओलांडून गेली. दादांनी पाटी उतरवायला माणूस बोलावला. बहिणीशी ते भांडलेसुद्धा नाहीत, फक्त म्हणाले, "तुला नोकरीवर ठेवणारा कुणी भेटला तर त्याला आधी माझ्याकडे पाठव." मामा रडले. ताईंना रडू आलं नाही.

पाटी उतरल्यावरच्या रविवारी ताईंनी भात दोनदा वाढून घेतला आणि जेवून आडव्या झाल्या. चहाची वेळ टळून गेली तरी त्या उठेनात, म्हणून यजमानांनी खांद्याला हलवून जागं केलं. इतकी झोप मास्तर गेल्यापासून लागली नव्हती. शाळा बुडाली होती, भाऊ दुखावला होता, मामांची भाकरी गेली होती. पण वर कोणी नव्हतं. त्या उठून बसल्या आणि आपल्याला किती बरं वाटतंय, हे नवऱ्याला दिसू नये म्हणून तोंड धुवायला गेल्या.