मूळपुरुषांचं शुद्धिपत्र

आमच्या आडनावाचा माणूस दिल्लीत कुठेही भेटला, तरी मूळपुरुष त्याला पाणी विचारण्याआधी मूळ गाव विचारायचे. 'मूळपुरुष' हे नाव त्यांना आम्ही घरात ठेवलेलं, कारण कुळाच्या मूळपुरुषाचा त्यांचा शोध कधी संपलाच नाही. खरं तर ते बाबांचे चुलतभाऊ, अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले आणि आमच्या कुलमंडळाच्या दिल्ली शाखेचे कुलवृत्तांत-संपादक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टिप्पण्यांवर सह्या कराव्या लागल्या, त्याचा सगळा सूड त्यांनी आमच्या पूर्वजांवर उगवला.

त्यांच्या मते आमचं कूळ ग्वाल्हेरहून मराठा सरदार हिंदूरावांसोबत दिल्लीत आलं. पुरावा काय, तर ते स्वतः दिल्लीतल्या हिंदूराव इस्पितळात जन्मले होते. बाबा म्हणायचे, "अरे, आपले आजोबा बदलीवर आले. टाइपरायटर घेऊन." त्यावर काका शांतपणे म्हणत, "यार, तू तपशिलात अडकतोस." छापताना बदलीचं 'प्रस्थान' झालं आणि लोअर डिव्हिजन क्लार्कचे 'राजसेवेतील अधिकारी'. इतक्या निष्ठेने थापा मारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

निष्ठा मात्र होती. जूनच्या उन्हात डोक्याला ओला पंचा बांधून ते फरीदाबादपासून नोएडाच्या सेक्टरांपर्यंत घरोघर जायचे आणि मराठी धड वाचता न येणाऱ्या पोरांकडून पणजोबांचं नाव पाठ करून घ्यायचे. "बेटा, आधार कार्डावर बापापर्यंतच लिहितात. पुढचं मी लिहितो."

मी नोएडात एका वाहिनीत काम करते, मराठी टायपिंग येतं, म्हणून सगळा मजकूर माझ्या गळ्यात पडला. बाबांच्या नोंदीखाली काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: निर्वंश. बाबा पलीकडच्या खोलीत चहा पीत होते आणि मी, त्यांची एकुलती एक मुलगी, ते टाइप करायला बसले होते.

"काका, मी आहे ना."

"आहेस ना, बेटा, बिल्कुल आहेस. लग्न झालं की सासरच्या वृत्तांतात तुझं नाव येईल. पद्धत आहे ती."

मी चाळिशी ओलांडली होती आणि लग्न करणार नव्हते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी 'एक कन्या' असं टाइप केलं. प्रुफात त्यांनी ते खोडून पुन्हा 'निर्वंश' केलं.

या मंडळासाठी बाबांनी वर्षानुवर्षं सतरंज्या उचलल्या होत्या. पुस्तक आलं तेव्हा त्यांनी आपलं पान वाचलं, "तुझं नाव तरी हवं होतं गं," एवढंच म्हणाले, आणि पुढे एकाही सभेला गेले नाहीत. मला इतका संताप आला की मी काकांचे फोन घेणं बंद केलं.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. मंडळाने शोकसभा ठेवली. मूळपुरुष बोलायला उभे राहिले, बाबांना 'कुळाचा आधारस्तंभ' म्हणाले, रडलेही, आणि ते रडणं खरं होतं. शेवटी म्हणाले, "त्यांच्या पश्चात पत्नी..." आणि थांबले. मी समोरच बसले होते.

"आणि मुलगी," आई बसल्या जागेवरून म्हणाली.

त्यांनी आईकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. "अच्छा, हो. वहिनी, ते आपण शुद्धिपत्रात घेऊ."

माझ्या बापाच्या शोकसभेत मी छपाईची चूक ठरले. पुढच्या वर्षी मूळपुरुषही गेले आणि शुद्धिपत्र राहूनच गेलं. मंडळाच्या लेखी बाबा अजूनही निर्वंश आहेत.