मांडीवरची गिटार

मुरबाडकडच्या लग्नांत भगीरथ गोजर यांनी अठ्ठावीस वर्षं गिटार वाजवली. मग संधिवाताने बोटं आखडली. तार दाबली की कळ खांद्यापर्यंत जाई. एका लग्नात त्यांच्या बँडपार्टीचा मालक नंदू घोलप याने सगळ्यांसमोर त्यांचा हात वर धरला. "बघा रे, आल्याचं कांडं! वाजवायला नाय, चटणीला बरं." सगळे हसले. भगीरथच्या जागी कीबोर्ड आला.

नंदूला भरल्या मांडवात मान खाली घालायला लावायची, एवढंच भगीरथनी मनाशी धरलं. रोज सकाळी मिठाच्या गरम पाण्यात हात शेकायचे, गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी नळीचा तुकडा सरकवायचा. बोटं दुमडायची गरजच उरली नाही. वर्षभर त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

वैशाखरे गावातल्या एका हळदीला नंदूची पार्टी होती. भगीरथ गिटार घेऊन पाहुणे म्हणून गेले. लग्नाचे धवळे गाणारी जनाबाई सूर लांबवत होती आणि कीबोर्ड तिच्यामागे ठेचकाळत होता.

"बंद कर रे तुजा खोका!" जनाबाई कडाडली.

भगीरथनी नळी तारांवर टेकवली. सूर तिच्या गळ्यामागून अलगद सरकत गेला. मांडवातल्या सगळ्या माना भगीरथकडे वळल्या.

धवळे संपताच नंदू धावत आला. "भगीरथदादा, उद्यापासून या ना परत."

"बघू. पण ही गिटार आल्याच्या कांड्यांना उचलवत नाय. बाहेर जीपपर्यंत तू घे."

नंदू गिटार खांद्यावर घेऊन सगळ्यांसमोरून जीपपर्यंत गेला. भगीरथ त्याच्यापुढे मुद्दाम सावकाश चालत होते.