करारनाम्यातून गाळलेलं नाव

ठाण्यात एका वकिलांच्या ऑफिसात मी कारकून आहे. घर घेणाऱ्यांचे कागद तपासायचे, जुने दस्त काढून वाचायचे, विकणारा खरोखरच मालक आहे का ते बघायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे ओळखीतलं कोणीही घर घ्यायला निघालं की आधी मला फोन करतं. टोकन देण्याआधी काय बघू, बिल्डरच्या तोंडी आश्वासनावर विसंबू का, सोसायटीची थकबाकी कोण भरणार, सगळं मी सांगतो. लोक मला मानतात. म्हणून ही गोष्ट सांगताना जास्तच लाज वाटते.

ठाकुर्लीला दुसऱ्या मजल्यावर आमचा वन रूम किचन होता. आमचा म्हणजे आईचा. वडील लवकर गेले. आई डोंबिवली एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. त्या पगारातून तिने ते घर घेतलं आणि कागदावर तिचं एकटीचं नाव होतं. ताईचं लग्न त्याच घरातून झालं, ती कल्याणला गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली आणि घर पुरेना. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आईचे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते.

बाळकुमला एका कॉम्प्लेक्समध्ये टू बीएचके बघितला. माझ्या पगारावर मिळणारं कर्ज त्याला पुरणारं नव्हतं. ठाकुर्लीचं घर विकलं तरच जमणार होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "वीक की. एवढे जिने आता मलाही होत नाहीत. पण नवीन घरात माझं नाव राहील ना रे?"

"तुझं नाव पहिलं," मी म्हणालो. त्या क्षणी मी ते मनापासून म्हणालो होतो.

घर विकलं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आईने फोटो काढून घेतला, अंगठा दिला, सावकाश सही केली. तिचे बरेचसे पैसे बाळकुमच्या घराला लागले, थोडे तिच्या खात्यात राहिले. मग मी कर्जासाठी बँकेत गेलो. तिथला अधिकारी म्हणाला, "घरावर आईंचं नाव हवं असेल तर त्यांनाही सहअर्जदार घ्या. उत्पन्न नसलं तरी चालेल. एक-दोन फॉर्म वाढतील, आठवडाभर उशीर होईल, बस."

परत येताना माझ्या डोक्यात एक हिशोब सुरू झाला. आईचं नाव घातलं, तर तिच्या मागे तिच्या हिश्श्यात ताई येणार. मग हक्कसोडपत्र, सह्या, मेहुण्यांची मनधरणी. अशी भांडणं मी ऑफिसात रोज बघायचो. आपल्या घरात ती नकोत, असं मी स्वतःला समजावलं. ताई असं काही करणारी नाही, हे मला माहीत होतं. माझ्या बारावीच्या क्लासची फी तिने शिवणकाम करून भरली होती.

त्याच आठवड्यात कल्याणचे एक निवृत्त शिक्षक मुलाला घेऊन ऑफिसात आले होते. फंडाची सगळी रक्कम मुलाच्या घरात घालत होते. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "सर, मुलगा चांगलाच आहे. पण पैसे तुमचे, तर करारात तुमचं नाव पाहिजे. चांगुलपणा रजिस्टर होत नाही." त्यांनी माझा हात हातात घेतला. संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, "वयामुळे बँक आईचं नाव घेत नाहीये." ती म्हणाली, "नक्की विचारलंत ना?" मी हो म्हणालो.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी आई सकाळीच तयार होऊन बसली. मोतिया रंगाची साडी, पर्समध्ये आधारकार्ड. मी म्हणालो, "तू कशाला येतेस? तिथे रांग असते, तासन्‌तास उभं राहावं लागतं."

"फोटो लागेल ना माझा?"

"आज नाही लागत."

तिने पर्समधून आधारकार्ड काढलं आणि परत कागदांच्या डब्यात ठेवलं.

बाळकुमला राहायला गेल्यावर चार-पाच महिन्यांनी तिला पासबुकावरचा पत्ता बदलायचा होता. मी ऑफिसात असताना तिने घराची फाईल काढली. करारनामा इंग्रजीत होता, पण नोंदणीचा गोषवारा, म्हणजे सूची दोनचा कागद, मराठीत असतो. आई सातवी शिकलेली. मी घरी आलो तेव्हा ती तो कागद घेऊन पलंगावर बसली होती. घेणाऱ्यांच्या नावांवर तिने बोट ठेवलं. तिथे माझं आणि बायकोचं नाव होतं.

"माझं छापायचं राहिलं का रे?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "हो, राहिलं. नंतर घालता येतं."

तिने कागद नीट घडी करून फाईलमध्ये ठेवला. बायकोकडून तिला वयाचं कारण कळलं होतं. पुढच्या आठवड्यात ती पासबुक घेऊन बँकेत गेली आणि तिथल्या बाईंना तिने विचारलं, म्हातारीचं नाव घराच्या कागदावर चालत नाही का? त्या म्हणाल्या, न चालायला काय झालं? रात्री जेवताना आईने हे सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि ताट उचलून आत गेली.

मी घाईघाईने म्हणालो, "आई, उद्याच बक्षीसपत्राचा मसुदा करतो. तुला अर्धा हिस्सा."

"बक्षीस?" ती म्हणाली. "माझ्याच पैशाच्या घराचं मला बक्षीस देतोस?"

महिन्याभरात ती ठाकुर्लीला परत गेली. आमच्या जुन्या गल्लीतच तळमजल्यावर एक खोली तिने भाड्याने घेतली, खात्यात उरलेल्या पैशांतून. मी हातापाया पडलो. ती एवढंच म्हणाली, "मला राग नाही. पण तिथे मला पाहुण्यासारखं वाटतं." बँकेची परवानगी काढून मी बक्षीसपत्र तयार केलं. पण असा दस्त घेणाऱ्याने स्वीकारावा लागतो, आणि ती सही करत नाही. ताईला तिने यातलं काही सांगितलेलं नाही. मीही नाही.

दर रविवारी मी तिच्याकडे जातो. मागच्या वेळी शेजारच्या काकू आल्या होत्या. म्हणाल्या, "एवढा मोठा ब्लॉक सोडून इथे कशाला राहता हो?"

"लिफ्टमध्ये मला गरगरतं," आई म्हणाली. "पोराने फार आग्रह केला, पण मलाच नाही सोसत."

"आजकाल असा मुलगा मिळत नाही," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या.

आई कपबशा विसळायला मोरीत गेली. मी काकूंना म्हणालो, "असू दे हो, त्यात काय."