आधी मंजुरी, मग कुदळ

युरो नवा होता तेव्हाची गोष्ट. माझ्या जर्मन सासूबाईंचं कार्ल्सरूहेजवळच्या डोंगराळ गावात सहा खोल्यांचं अतिथिगृह होतं. दर उन्हाळ्यात येणारे पाहुणे तेच ते, सासूबाईंच्याच वयाचे. जिना चढवेना म्हणून एकेक जण यायचा थांबत होता. तळमजल्यावर एक खोली आणि न्हाणीघर झालं तर घर चालवायचं, नाहीतर विकायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

सुदैवाने अख्ख्या युरोपला या न्हाणीघराची काळजी होती. ग्रामीण पर्यटनासाठी ब्रुसेल्सहून अनुदान निघायचं आणि दोन-चार सरकारी टेबलांवर विसावा घेत आमच्या गावाकडे यायचं. सासूबाईंना हवा होता कमोडशेजारी धरायला एक दांडा. अर्जात मात्र प्रदेशाची सांस्कृतिक ओळख, सीमेपलीकडचं सहकार्य आणि सायकलस्वारांचं भवितव्य यांवर लिहायचं होतं. घरात कामं उरकायचं खातं माझ्याकडे. दांड्यामुळे फ्रान्सशी मैत्री कशी वाढेल, हे मी दोन पानांत सिद्ध केलं.

एकच अट ठळक अक्षरांत होती: मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत काम सुरू करायचं नाही, केलंत तर अनुदान विसरा. मी सासूबाईंना बजावलं, गवंड्याला बजावलं. पुण्याहून आलेल्या माझ्या आईबाबांना सांगायचं काही कारण दिसलं नाही. ते काय बांधणार होते?

दसऱ्याला ते दोघं सासूबाईंकडे होते. संध्याकाळी मी ऑफिसातून थेट तिकडे गेले, तर मागच्या अंगणात गुडघाभर खड्डा, भोवती हळदकुंकू, फोडलेला नारळ आणि कपाळभर कुंकू लावून खुशीत बसलेल्या सासूबाई.

“साडेतीन मुहूर्तांतला एक! वाया घालवायचा?” बाबा म्हणाले.

“अहो, मी म्हटलं होतं, आधी पोरीला विचारा,” आई म्हणाली.

“तिला विचारलं असतं तर तिने पुढच्या वर्षीची तारीख दिली असती. विहीणबाई बघ, खुणेनेच हो म्हणाल्या!”

सासूबाईंना वाटलं होतं, पूजा म्हणजे पूजा. काम थोडंच आहे? पण शेजारचे गृहस्थ गावच्या पेपरात लिहायचे. त्यांनी कुंपणावरून फोटो काढला आणि वर मथळा दिला, “अतिथिगृहाच्या बांधकामाला भारतीय पद्धतीने सुरुवात.”

युरोपला आमचं गाव नकाशात सापडायला वर्ष लागतं. तो पेपर मात्र चार दिवसांत सापडला. अनुदान खात्याचे साहेब टेप घेऊन हजर झाले आणि त्यांनी खड्डा सर्व बाजूंनी मोजला.

“आल्झो, तर मग, हा कोणी खणला?”

“माझ्या विहीणबाईंच्या यजमानांनी,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचे हात ॲप्रनमध्ये घट्ट गुंडाळलेले होते.

“बांधकामाचा परवाना आहे त्यांच्याकडे?”

“ते निवृत्त पोस्टमास्तर आहेत,” मी म्हटलं.

“नारळ कशासाठी?”

“जमिनीची परवानगी घ्यायला,” मी म्हटलं. “आमच्याकडेही आधी परवानगीच घेतात.”

साहेब पहिल्यांदाच सुखावलेले दिसले. “गेनाऊ! अगदी बरोबर!” परवाना नसलेल्या माणसाने केलं ते बांधकाम होऊच शकत नाही, असा त्यांनी निर्णय दिला. फक्त जमीन पूर्वस्थितीत आणायची. बाबांनी खड्डा बुजवला. वरून गवत लावलं. घर विकायला बोलावून ठेवलेल्या दलालाला सासूबाईंनी नंतर या म्हणून कळवलं, पण नको म्हणून नाही.

वसंतात मंजुरीचं पत्र आलं. सोबत नवी अट: काम सुरू करताना समारंभ करायचा आणि फोटो पाठवायचा. मग महापौर आले, पिवळं हेल्मेट घालून. आसपास एक वीटसुद्धा नव्हती. चकचकीत फावडं घेऊन त्यांनी बरोबर बाबांच्याच खड्ड्याच्या जागी माती उकरली. ती मऊ होतीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे फलक उभा होता, त्यावर युरोपचे तारे सासूबाईंच्या पाटीच्या दुप्पट मोठे.

फोटो झाल्यावर सासूबाईंनी आत जाऊन दलालाला फोन केला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. मग नारळ घेऊन बाहेर आल्या. आईने पुण्याला परत जाताना ठेवलेला.

“आता फोडू ना?” त्यांनी विचारलं. “की याचीही मंजुरी लागते?”

मी साहेबांकडे पाहिलं. ते केक खात होते. म्हटलं, फोडा.